प्रोसेसर बदलला आणि डिस्प्ले गेला : दुरुस्तीच्या नोंदी

शनिवार, ११ जानेवारी २०२५, रात्री ११:४०

काम तसं दोन तासांचं होतं. जुना रायझेन ५ २६०० काढायचा आणि त्याच्या जागी रायझेन ५ ५६०० बसवायचा. ८ जीबीच्या दोन रॅम आहेतच, त्यात आणखी दोन घालून ३२ जीबी करायची. मदरबोर्ड तोच, बी४५० चिपसेटचा. सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) दोन्ही प्रोसेसरना एकच, एएम४. बोर्डावर चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत ५६०० चं नाव असल्याची मी आधीच खात्री केली होती, मोबाइलवर, खरेदीच्या आधी.

दुपारी चारला कॅबिनेट उघडलं. धूळ झटकली, वायरींचे फोटो काढले. कूलरचे चार स्क्रू आलटून पालटून सैल केले आणि कूलर वर उचलला, तर प्रोसेसर त्याला चिकटून सॉकेटमधून वर आला. प्रोसेसर धरून ठेवणारी लिव्हर बंद होती तरीही. दोघांमधली, उष्णता कूलरकडे नेणारी सहा वर्षांची पेस्ट वाळून खडखडीत झाली होती. दचकले. पिना वरवर पाहिल्या, ठीक वाटल्या. प्रोसेसर कूलरपासून सोडवून डबीत ठेवला.

नवा प्रोसेसर बसवला, नवा कूलर बसवला, चारही रॅम लावल्या. बटण दाबलं. पंखे फिरले, ग्राफिक्स कार्डचा पंखाही फिरला. मॉनिटर म्हणतो सिग्नल नाही. कीबोर्डवरचा नम लॉकचा दिवा लागत नाही, म्हणजे गाडी डिस्प्लेच्या खूप आधीच अडकली आहे.

बोर्डाच्या कडेला चार बारीक दिवे आहेत: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट. जिथे अडलं तिथला दिवा लागून राहतो. यांतला सीपीयूचा लाल दिवा लागला तो लागलाच.

झोपते आता. उद्या.

रविवार, १२ जानेवारी, सकाळी

ताई उठल्या उठल्या आली. "काल चालत होता ना गं?"

होता. तेच तर. तिच्या संशोधनाचं सगळं लिखाण याच मशिनच्या एनव्हीएमई डिस्कवर आहे आणि सोमवारपासून तिला ते हवंय. बॅकअप आहे का, असं विचारल्यावर ती जे काही म्हणाली ते इथे लिहीत नाही. (आहे, पण तीन आठवड्यांपूर्वीचा.)

तिला म्हटलं, डिस्कला मी हातही लावलेला नाही, लिखाण जागच्या जागी आहे. ते खरंही आहे. तरी मनात धाकधूक.

आता जे जे केलं ते क्रमाने लिहिते, कारण काल काय आधी केलं आणि काय नंतर, हे आत्ताच नीट आठवत नाहीये.

एक: प्रोसेसरला वीज देणारी ८ पिनांची वायर काढून पुन्हा लावली, टक् असा आवाज येईपर्यंत. २४ पिनांचीही. फरक नाही.

दोन: नवीन रॅम काढल्या, जुन्या दोनच ठेवल्या, मूळ जागी, ए२ आणि बी२ या स्लॉटांत. फरक नाही. सीपीयूचाच दिवा.

तीन: बायोसचा (मशीन सुरू करणारा, बोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम) सेल काढला. सीआर२०३२, गोल नाण्यासारखा. मुख्य वायर काढून, पॉवरचं बटण दाबून धरून उरलीसुरली वीज घालवली, दहा मिनिटं थांबले, सेल परत बसवला. फरक नाही.

चार: मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डालाच आहे ना ते पाहिलं. आहे. ५६०० मध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाहीत, २६०० मध्येही नव्हते, त्यामुळे बोर्डावरच्या एचडीएमआयला वायर लावली तर जन्मात काही दिसणार नाही. ही चूक मी पूर्वी एकदा केली आहे, म्हणून आधी तेच.

रविवार, १२ जानेवारी, दुपारी

ठरवलं, जुना प्रोसेसर परत लावून पाहू. तो लागला आणि चालला तर नव्यात खोट आहे, सरळ परत करू.

२६०० डबीतून काढला, त्रिकोणाची खूण सॉकेटच्या खुणेला जुळवली. पटकन बसेना. अंगठ्याने किंचित दाबला, बसला. लिव्हर लावली. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावली, वाटाण्याएवढी.

बटण. पंखे फिरले. डिस्प्ले नाही.

पण सीपीयूचा दिवा एकदा लुकलुकून विझला आणि त्याऐवजी डीरॅमचा लागला. काल तर असं नव्हतं.

काय अर्थ काढायचा कळेना. जुना प्रोसेसर, जुनी रॅम, जुना बोर्ड. परवा हेच सगळं एकत्र मजेत चालत होतं. म्हणजे काल मी बोर्डच मारला की काय? स्थिर विजेने? जमिनीवर सतरंजी होती खरी.

रविवार, १२ जानेवारी, रात्री

संध्याकाळभर रॅम. चारपैकी एकेक कांडी एकटी लावून पाहिली. ए२ मध्ये चारही. मग ए१ मध्ये चारही. म्हणजे आठ वेळा बंद-चालू, दर वेळी दोन मिनिटं वाट पाहत, कारण डीडीआर४ रॅमची जुळणी पहिल्यांदा करताना बोर्ड बराच वेळ काळ्या पडद्यावर राहू शकतो आणि घाई केली तर ती जुळणी मध्येच तुटते. आठही वेळा डीरॅमचा दिवा.

एका मित्राने फोनवर सांगितलं, रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पूस. या देशात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी हे केलं आहे, आणि जुन्या, दमट जागेत पडलेल्या रॅमवर ते कधी कधी चालतंही. काल पाकिटातून काढलेल्या कोऱ्या रॅमवर खोडरबर काय करणार? तरी पुसल्या. खोडरबराचा चुरा स्लॉटात जाऊ नये म्हणून ब्रशने झटकल्या. काही झालं नाही, हे सांगायला नको.

चारही कांड्या एकदम मेल्या, हे पटत नाही. दोन तर आजवर चालत होत्या.

सोमवार, १३ जानेवारी

वेळ नाही. ताई माझ्या लॅपटॉपवर काम करते आहे, तीन आठवड्यांपूर्वीच्या बॅकअपवर. बोलत नाही फारशी.

बुधवार, १५ जानेवारी, रात्री

आज दोन गोष्टी.

पहिली, एसएमपीएस, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारं खोकं. मल्टिमीटर काढला. २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरीशी पेपरक्लिपने जोडली की बोर्डाशिवाय एसएमपीएस चालू होतो. बोर्डावरचं बटण शेवटी हेच करतं, हिरवी वायर काळीशी, म्हणजे ग्राउंडशी, जोडतं. भार म्हणून एक जुनी हार्ड डिस्क लावली. आकडे असे आले: १२ व्होल्टच्या जागी १२.१४, ५ च्या जागी ५.०६, ३.३ च्या जागी ३.३४. पाच टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे १२ साठी ११.४ ते १२.६. सगळे आत. एका हार्ड डिस्कचा भार म्हणजे काही फार नाही, तेव्हा एसएमपीएस शंभर टक्के निर्दोष असं मी म्हणणार नाही, पण संशयितांच्या रांगेत तो मागे गेला.

(एसएमपीएसचं पत्र्याचं खोकं मात्र उघडायचं नाही. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरांत माणसाला झटका देण्याइतकी वीज राहते.)

दुसरी गोष्ट लिहायला लाज वाटते. लॅपटॉपवर बोर्डाची प्रोसेसरांची यादी पुन्हा उघडली. ५६०० चं नाव आहे. आणि त्याच ओळीत, अगदी उजवीकडे, आणखी एक रकाना आहे: कुठल्या बायोसपासून चालेल. मोबाइलवर तो रकाना पडद्याच्या बाहेर गेला होता. मी नाव पाहिलं, खूश झाले, मोबाइल खिशात टाकला.

माझ्या बोर्डावर बायोस तो बोर्ड आला तेव्हाचाच आहे. बी४५० चे बोर्ड २०१८ च्या मध्याला आले. ५६०० आला २०२२ साली. जो प्रोसेसर जन्मालाच आलेला नव्हता, तो त्या बायोसला ओळखता येणं शक्यच नाही. सॉकेट जुळतं, पिना १३३१ च्या १३३१ जुळतात, वीज पोचते, पंखे फिरतात. पण प्रोसेसरला पहिल्यांदा जागं करण्याचा जो भाग बायोसमध्ये असतो, त्यात या प्रोसेसरबद्दल एक ओळही नाही. म्हणून सीपीयूचा लाल दिवा.

म्हणजे नवा प्रोसेसर बहुधा धडधाकट आहे. परत करायचा म्हणून खोक्यात भरला होता, तो बाहेर काढला.

पण मग जुना का चालत नाही? त्याला तर हा बायोस पाठ आहे.

गुरुवार, १६ जानेवारी

काही बोर्डांवर मागच्या बाजूला एक बटण असतं, प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस चढवता येतो. माझ्या बोर्डावर ते नाही. मागची पट्टी टॉर्च लावून दोनदा पाहिली.

तेव्हा बायोस बदलायला चालता प्रोसेसर पाहिजे, आणि नवा प्रोसेसर चालायला बदललेला बायोस पाहिजे. जुना चालवल्याशिवाय गत्यंतर नाही.

शनिवार, १८ जानेवारी, दुपारी

बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढला. त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. कॅबिनेटच्या पत्र्यावर बोर्ड उचलून धरणारे पितळी खांब असतात; त्यातला एखादा चुकीच्या जागी असेल तर तो बोर्डाच्या मागच्या बाजूला टेकून शॉर्ट होतो. मोजले, सगळे भोकांखालीच होते. बाहेर काढूनही तेच: डीरॅमचा दिवा.

कूलरचे स्क्रू अर्धा अर्धा आटा सैल केले, दाब जास्त होत असेल म्हणून. तेच.

तासभर नुसती बसले होते. मग कांडी उचलली आणि बी२ मध्ये घातली. विचार वगैरे काही नव्हता, ए चे दोन्ही स्लॉट संपले होते एवढंच.

डीरॅमचा दिवा लागला. विझला. व्हीजीएचा लागला, विझला. मॉनिटरने एकदा काळं तोंड केलं आणि पांढऱ्या अक्षरांत सांगितलं की सेटिंग्ज मूळपदावर गेली आहेत, एफ१ दाबा.

मी ताईला हाक मारली नाही. आधी एफ१ दाबलं. बायोस उघडला. प्रोसेसर: रायझेन ५ २६००. मेमरी: ८१९२ एमबी, स्लॉट बी२. घड्याळ काही वर्षं मागे. मग हाक मारली.

शनिवार, १८ जानेवारी, रात्री

एकटी कांडी कुठे लावायची, तर मॅन्युअल म्हणतं ए२. प्रोसेसरकडून दुसरा स्लॉट. मी गेल्या रविवारी मॅन्युअलच्या शब्दाबाहेर गेले नाही. आठ वेळा ए, एकदाही बी नाही. जेव्हा दोन कांड्या लावल्या तेव्हा त्यातली एक ए२ मध्ये होतीच, म्हणजे तीही परीक्षा त्याच स्लॉटपाशी अडली.

आत्ता बी१ आणि बी२ दोन्ही चालतात, चारही कांड्या चालतात. ए१ आणि ए२ दोन्ही मेलेले. एका चॅनलचे (प्रोसेसर ते रॅम अशा एकाच जोडणीवरचे) दोन्ही स्लॉट एकदम जातात तेव्हा दोष स्लॉटांत नसतो, चॅनलच्या वाटेत असतो. रॅमचा नियंत्रक रायझेनमध्ये प्रोसेसरच्याच आत आहे. वाट म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा, सॉकेट, आणि प्रोसेसरच्या पिना.

पिना.

ही वही मागे उलटली. ११ तारीख: प्रोसेसर कूलरला चिकटून वर आला, लिव्हर बंद असताना. १२ तारीख: पटकन बसेना, अंगठ्याने किंचित दाबला. दोन्ही वाक्यं माझ्याच अक्षरात.

या सॉकेटात प्रोसेसर दाबावा लागतच नाही. लिव्हर उभी असताना तो स्वतःच्या वजनाने खाली पडतो. पडत नसेल तर एखादी पिन आडवी आहे. हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या कोणी तसं केलं असतं तर मी दहा मिनिटं ऐकवलं असतं.

आता खरा पेच. प्रोसेसर काढून पिना सरळ करायच्या की आहे तसाच ठेवून आधी बायोस चढवायचा?

काढला आणि सरळ करताना पिन तुटली तर हातात एकही चालता प्रोसेसर राहत नाही. नवा चालणार नाही, जुना मेलेला, बोर्डावर बटण नाही. उलट, लंगड्या प्रोसेसरवर बायोस चढवताना मशीन मध्येच अडकलं तर बायोसची चिप अर्धवट लिहिलेली राहते आणि बोर्डच जातो.

मला दुसरा धोका कमी वाटतो, पण तो मोजून पाहायचा. मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) चा पेनड्राइव्ह केला, एका कांडीवर, बी२ मध्ये, रात्रभर लावून ठेवलाय. रात्रभर एकही चूक न करता चाललं तर पाच मिनिटांच्या कामाला ते पुरेल. प्रोसेसरला हात लावायचा नाही. कूलरलाही नाही. बोर्ड ज्या खोक्यावर आहे ते खोकंसुद्धा कोणी सरकवू नये म्हणून टेबलावर चिठ्ठी चिकटवली आहे.

रविवार, १९ जानेवारी

सकाळी सात. नऊ फेऱ्या पूर्ण, चुका शून्य.

बायोसच्या पानावर प्रत्येक आवृत्तीखाली बारीक अक्षरांत टीप असते, ती या वेळी शब्द न् शब्द वाचली. रकाना पडद्याबाहेर जाऊ नये म्हणून लॅपटॉपवर. दोन गोष्टी सापडल्या. सर्वांत नवी आवृत्ती थेट चढवायची नाही, आधी मधली एक चढवायची, मग नवी. आणि मी बोर्डाची रिव्हिजन बोर्डावर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहिली, कारण एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनांचे बायोस वेगळे असू शकतात.

आणखी एक पाहून ठेवलं: नव्या बायोसमधून २६०० तर गळलेला नाही ना. काही बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीची असते आणि नव्या पिढ्यांसाठी जागा करायला जुन्यांची नावं काढली जातात. माझ्या यादीत २६०० शाबूत आहे. म्हणजे परतीची वाट उघडी.

पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट. झिप उघडून आतली फाइल ठेवली, झिप तशीच नाही. यूपीएसची बॅटरी भरेपर्यंत थांबले.

११:०५, मधली आवृत्ती सुरू. हिरवी पट्टी हलते आहे. ताई दारात उभी. "पंखा लावू का?" "काही लावू नकोस." ११:०९, पट्टी संपली, मशीन स्वतः बंद झालं, स्वतः चालू झालं.

पडदा काळा.

११:१०. काळा. डीरॅमचा दिवा. ११:११. बटणाकडे हात गेला होता, मागे घेतला. हीच ती रॅमची जुळणी, बायोस बदलला की नव्याने होते, हे मला माहीत आहे, मी स्वतः या वहीत लिहिलं आहे. ११:१२ ला दिवा विझला आणि लोगो आला.

नवी आवृत्ती ११:३० ला. तीही गेली. या वेळी घड्याळाकडे पाहिलंच नाही.

दुपारी जुना प्रोसेसर काढायचा होता. मागची चूक नको म्हणून आधी मेमटेस्ट पंधरा मिनिटं चालू ठेवला, पेस्ट कोमट आणि मऊ व्हावी म्हणून. मग बंद करून, वायर काढून, कूलर सरळ वर न ओढता हळूहळू डावी-उजवीकडे फिरवला. चिखलातून चप्पल सुटावी तसा सुटला. प्रोसेसर सॉकेटातच राहिला. लिव्हर उचलली, प्रोसेसर उचलला, उलटा केला, टॉर्च तिरका धरला.

दोन पिना. एका कडेपासून तिसऱ्या रांगेत, शेजारी शेजारी, दोन्ही एकाच बाजूला झुकलेल्या, त्यातली एक जवळजवळ आडवी. बाकी सगळ्या शेतातल्या रोपांसारख्या सरळ रांगेत, आणि मध्ये ही दोन पडलेली. सॉकेटातही टॉर्च मारला, तुटलेला तुकडा किंवा पेस्ट आत गेली नाहीये.

५६०० सॉकेटावर धरला, खूण जुळवली, बोटं सोडली. पडला. बारीक टक् झालं.

सोमवार, २० जानेवारी

बोर्ड परत कॅबिनेटमध्ये. पहिल्यांदा फक्त दोन जुन्या रॅम, ए२ आणि बी२. बटण दाबलं आणि चार दिवे एकामागून एक विझले. ए चॅनल चालतो आहे, म्हणजे बोर्डाच्या रेघा आणि सॉकेट ठीक.

पण विंडोज नाही, त्याआधी काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक मजकूर. अर्थ असा: नवा प्रोसेसर दिसतोय, एफटीपीएमची (किल्ल्या जपणारा सुरक्षित कप्पा) साठवण बदलली आहे. वाय दाबलं तर ती पुसून नवी करतो, मात्र डिस्क बिटलॉकरने (विंडोजची डिस्क कूटबद्ध करणारी सोय) कुलूपबंद असेल तर रिकव्हरी कीशिवाय सिस्टिम उघडणार नाही. एन दाबलं तर जुनी नोंद ठेवतो, पण नव्या प्रोसेसरवर एफटीपीएम चालू होणार नाही.

इथे वाय दाबायला किती जणांचं बोट शिवशिवतं असेल. मी एन दाबलं.

निळा पडदा. बिटलॉकर रिकव्हरी की मागतोय, ४८ अंकी.

"ताई, तू डिस्क कुलूपबंद केली होतीस?"

"मी काहीच केलं नाही."

तिचं खरं आहे. विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केलं की बऱ्याच मशिनींवर डिस्क आपोआप कूटबद्ध होते आणि किल्ली त्या खात्यात जमा होते. रोज न विचारता कुलूप उघडणारी दुसरी किल्ली एफटीपीएमशी बांधलेली असते, आणि एफटीपीएम असतो प्रोसेसरपाशी. प्रोसेसर बदलला म्हणजे कुलूप तेच, पहारेकरी नवा. तो कोणालाच ओळखत नाही.

ताईने मोबाइलवर आपलं खातं उघडलं. दोन किल्ल्या होत्या, एक तिच्या जुन्या लॅपटॉपची. पडद्यावर किल्लीच्या ओळखक्रमांकाची पहिली आठ अक्षरं दिसतात, ती जुळवून बरोबरची घेतली. तिने सहा सहा अंकांचे आठ गट मोठ्याने वाचले, मी टाइप केले. सातव्या गटात मी चुकले, पुन्हा.

विंडोज उघडलं. तिने काही न बोलता आधी तो फोल्डर उघडला, शेवटच्या फाइलची तारीख पाहिली: १० जानेवारी. पेनड्राइव्ह लावून सगळं उतरवून घेतलं, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता कर काय करायचं ते."

मग केलं ते असं: विंडोजमधून बिटलॉकर तात्पुरता स्थगित, रीस्टार्ट, तोच मजकूर आल्यावर या वेळी वाय, विंडोज किल्ली न मागता उघडलं, बिटलॉकर पुन्हा चालू. हे स्थगित करणं ११ तारखेला कॅबिनेट उघडण्याआधी करायचं असतं. प्रोसेसर बदलताना, बायोस चढवताना, दोन्ही वेळा.

मंगळवार, २१ जानेवारी

उरलेल्या दोन रॅम लावल्या. ३२ जीबी दिसली, एक्सएमपी (रॅमला तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) ३२०० वर चालू केलं, विंडोज आलं, आणि वीस मिनिटांत निळा पडदा देऊन पडलं. मेमटेस्टमध्ये पहिल्याच फेरीत चुका.

या वेळी घाबरले नाही. चारही कांड्या जोडीने वेगळ्या तपासल्या, ३२०० वर दोन्ही जोड्या स्वच्छ. चार एकत्र आल्या की नियंत्रकावर भार वाढतो, आणि वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या जोड्यांमधल्या चिपा एकसारख्या असतीलच असं नाही. २९३३ वर आणलं. चार फेऱ्या, चुका शून्य. ३२०० च्या हट्टापायी व्होल्टेज वाढवत बसण्यात मला रस नाही. २९३३ वरच राहील.

शनिवार, २५ जानेवारी

आज जुन्या प्रोसेसरचं काम. आता तुटला तरी कोणाचं अडणार नव्हतं, त्यामुळे हात स्थिर.

शिसं सरकवायच्या पेन्सिलीतून शिसं काढून टाकलं आणि तिची धातूची पोकळ नळी पिनेवर टोपीसारखी घातली. कमी वाकलेली आधी. एकदम नाही, जरासं उचलायचं, नळी काढायची, बाजूने पाहायचं, पुन्हा. पिन एकदा पुढे आणि एकदा मागे वाकवली की मुळाशी थकते, म्हणून सरळ रेषेच्या पलीकडे जाऊ द्यायची नाही. आडवी झालेली आधी नळीत शिरेचना. पातळ ब्लेडच्या बोथट बाजूने तिला थोडं उचलावं लागलं. शेवटी ब्लेड रांगांमधून आडवं आणि उभं सरकवून पाहिलं. कुठे अडलं नाही.

तपासायला पुन्हा मशीन उघडायचं का? ताई नको म्हणाली. तिचं लिखाण चालू आहे आणि ती माझ्याकडे अशा नजरेने पाहते की मी स्क्रू ड्रायव्हर ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

२६०० डबीत ठेवला आहे. डबीवर चिठ्ठी: दोन पिना सरळ केल्या आहेत, २५ जाने. तपासलेला नाही. आपोआप पडला नाही तर दाबू नये.

पुढचा पंखा चुकून सीपीयूच्या पंख्याच्या शेजारच्या हेडरवर लावला आहे, त्यामुळे प्रोसेसर तापला की तोही बोंब मारतो. पुढच्या रविवारी, ताई घरात नसताना.